झाकलेलं ताट

ये गो मनू, अशी जवळ येऊन बस. तू पुण्यात नि मी इथे कोकणात, म्हणजे तू जवळ बसणार कशी, ते मला कळतं. पण ही वही मांडीवर घेशील तेव्हा तो फोन उपडा ठेव, एवढं तरी ऐक. परवा काय विचारलंस मला? "आजी, मस्कतला तू बोअर नाही झालीस? तू तर काहीच करायची नाहीस." काहीच करायची नाहीस! रोज सकाळी तुझ्या दोन वेण्या कोण घालायचं? स्कूलबसपर्यंत दप्तर कोण वाहायचं? आणि तू मात्र बसच्या पायरीवर चढलीस की मागे न बघता इंग्रजीत शिरायचीस. रागावले नाहीये. पण विचारलंसच आहे, तर ऐकून घे. ह्या आठवणींच्या वहीत आधीच्या प्रकरणांत लहानपण आलं, लग्न आलं, तुझे आजोबा आले. मोठं होणं मात्र राहिलं होतं. ते झालं माझ्या चोपन्नाव्या वर्षी, मस्कतजवळच्या माबेलाला. हसू नकोस. शरीर वाढतं ते वेगळं, माणूस वाढतं ते वेगळं.

तुझे आजोबा गेले त्याला दोन वर्षं झाली होती. विनू, म्हणजे तुझा बाबा, गाला नावाच्या वस्तीत एका गॅरेजवर सुपरवायझर होता आणि तुझी आई दवाखान्यातल्या लॅबमध्ये. दोघं सकाळी गाडीतून निघायची ती काळोख पडताना परत. तुला सांभाळायला मी आले. पहिल्या दिवशी विमानतळावरून येताना ते डोंगर बघितले आणि माझं तोंड उघडंच राहिलं. गवताची काडी नाही, झुडूप नाही, नुसता भाजलेल्या विटेच्या रंगाचा दगड, आणि तो कुठवर गेलाय त्याला अंतच नाही. आमच्याकडचा डोंगर झाडाझुडपांत तोंड लपवून असतो. इथला उघडा उभा. मला वाटलं, देवाने इथे काही झाकूनच ठेवलेलं नाही. पुढे कळलं की झाकलेलं असतं, फक्त माणसांच्या घरात असतं.

आपलं घर आठवतं का तुला? पांढऱ्या भिंतीचा दुमजली बंगला. वर मालक, त्यांची बायकामुलं आणि मालकांची म्हातारी आई. खाली आपण. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, आणि टाक्यांच्या आडोशाला एक खोली. दिवसभर एसीची घरघर, मध्येच पाण्याचा टँकर यायचा त्याचा धडधडाट, अजान झाली की सगळं क्षणभर थांबल्यासारखं, आणि मग कावळे. मस्कतचे कावळे! मी तर हरखूनच गेले होते. म्हटलं, बाबांनो, तुम्ही कुठल्या व्हिसावर आलात?

त्या गच्चीवरच्या खोलीत सेल्वी राहायची. मालकांकडे स्वयंपाकाला आणि म्हाताऱ्या आईच्या सेवेला होती. लंकेतली तमिळ बाई. माझ्याहून चार वर्षांनी लहान असेल, काळीसावळी, ताठ, चालताना पावलांचा आवाज नाही. मला 'अक्का' म्हणायची. माझं हिंदी मोडकं, तिचं त्याहून मोडकं, त्यात तिला अरबी येत होती आणि मला यल्ला नि खलास, म्हणजे चल नि संपलं, एवढंच. तिची तोडकीमोडकी भाषा जशीच्या तशी लिहिली तर तू चार ओळींत वही मिटशील, म्हणून मी तिचं बोलणं आपल्या भाषेत लिहिते. पण आमची ओळख भाषेने झालीच नाही. ती नारळाने झाली. मी खवणी घेऊन मागच्या दारात बसलेली, ती वरून उतरली, माझ्या हातातून नारळाची कवड काढून घेतली आणि खवणीवर अशी फिरवली की करवंटीला पांढरा ठिपका राहिला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू खवतेस की कुरवाळतेस?" झालं. जुळलं आमचं.

दर शुक्रवारी, नमाजानंतर, सेल्वीच्या खोलीत सात-आठ बायका जमायच्या. कोणी कुणाच्या घरी मोलकरीण, एक शिवणकाम करणारी, एक नर्स. सगळ्या तिच्याच मुलखातल्या. चपला दाराबाहेर नाही, आत घेऊन ठेवायच्या, ते मी पहिल्याच शुक्रवारी टिपलं. भाताचा नि सुक्या मासळीच्या कालवणाचा वास जिन्यावरून खाली यायचा. मालकांची आई खजुराचं तबक वर पाठवायची, पण स्वतः कधी गेली नाही आणि कधी विचारलंही नाही. जेवणं झाली की आतून आवाज यायचा. एक बाई काहीतरी वाचायची आणि बाकीच्या मिळून एकच शब्द म्हणायच्या. पुन्हा वाचन, पुन्हा तोच शब्द. मी आपली कपडे वाळत घालताना हात जोडायचे. म्हटलं, भजनी मंडळ आहे. विनूला सांगितलंसुद्धा, "किती भाविक बायका रे, एक शुक्रवार चुकवत नाहीत."

एका शुक्रवारी सेल्वीने मला हाताला धरून आत नेलं. खोली म्हणजे केवढी, तर आपल्या न्हाणीघराच्या दुप्पट. भिंतीशी बायका बसलेल्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर एक फोटो. शाळेच्या गणवेशातला मुलगा, लग्नातला नवरा, सायकल धरलेला एक भाऊ. नर्स वहीतून नाव वाचत होती. नाव झालं की ज्या बाईचं ते माणूस असेल ती फोटो उचलायची, आणि सगळ्या म्हणायच्या, "इरुक्किरान." मी सेल्वीला खुणेनं विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, "आहे. तो आहे."

मनू, लंकेत सरकार नि तमिळ बंडखोर यांच्यात मोठी लढाई झाली होती, खूप वर्षं चाललेली, आणि ती संपूनही चारेक वर्षं झाली होती. संपली म्हणजे बंदुका थांबल्या. ह्या बायकांची माणसं लढाईच्या शेवटच्या दिवसांत डोळ्यांदेखत नेली गेली होती आणि परत आली नव्हती. जगात जिथे जिथे त्यांचे लोक पांगले होते, थंडीच्या देशांत, तिथे ते रस्त्यावर उतरायचे, फलक धरायचे. मस्कतमध्ये ते चालत नाही. परक्याने राजकारण करायचं नाही, घोळका करायचा नाही, असा तिथला कायदा. व्हिसा रद्द झाला तर परतीचं विमान, आणि परत गेल्यावर तिकडे दार ठोठावून कोण काय विचारील ह्याची धास्ती. म्हणून ह्यांची चळवळ आठ बाय दहाच्या खोलीत, हळू आवाजात, शुक्रवारच्या जेवणानंतर. मी जन्मात मोर्चे पाहिले होते, निवडणुकीच्या सभा पाहिल्या होत्या. पण नुसती हजेरी घेऊन कोणी लढतं, हे मी तिथे पाहिलं.

सेल्वीचा मुलगा कुमरन. एकोणीस वर्षांचा. फोटोत मिशी फुटते न फुटतेशी. त्या खोलीत भिंतीशी एका कोनाड्यात स्टीलचं ताट असायचं, दुसऱ्या ताटाने झाकलेलं. मी समजले नैवेद्य. विचारलं नाही.

आता माझी चूक सांगते. चुलत्या-मावश्या, आत्या-काकू, आपल्या कुळातल्या सगळ्या बायकांनी ऐकली तर म्हणतील, ह्यात चूक ती कसली? तीच तर गंमत आहे.

सर्वपित्री अमावास्या आली. विनू सकाळी तुझ्या आजोबांच्या फोटोला हात जोडून गालाला पळाला. मी वडे तळले, तांदळाची खीर केली, भोपळ्याची भाजी, गवार, कढी, आमसुलाची चटणी. अळू मिळालं नाही, पालकावर भागवलं. केळीची पानं सेल्वीनेच आणून दिली होती मालकांच्या बागेतली. आणि वाढता वाढता मला त्या पोराची आठवण आली. एकोणीस वर्षांचं लेकरू. आई परमुलखात चाकरीला, बाप तिकडे एकटा. कोणी पान वाढलं असेल का त्याला? उपाशी फिरत असेल बिचाऱ्याचा आत्मा. माझे डोळे भरून आले. मी दुसरं पान घेतलं. आजोबांच्या पानाइतकंच, किंबहुना त्याला दोन वडे जास्तच, तरुण पोर म्हणून. दोन्ही पानं मागच्या कुंपणाच्या भिंतीवर शेजारी शेजारी ठेवली, पाणी फिरवलं, आजोबांचं नाव घेतलं, त्याचं नाव घेतलं. फार बरं वाटलं मला. काहीतरी मोठं पुण्य केल्यासारखं.

डिशच्या छत्रीवर दोन कावळे येऊन बसले होते. तेवढ्यात सेल्वी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला खाली उतरली. त्यांच्यातही ही अमावास्या असते, कावळ्याला भात ठेवतात, म्हणून तिला एका नजरेत कळलं. पहिल्या पानाकडे बघून तिने हात जोडले. मग दुसऱ्याकडे बोट केलं. "हे कोणाचं?"

मी कौतुकाने म्हटलं, "तुझ्या कुमरनचं."

तिचा हात बोट केलेला तसाच राहिला. ओरडली नाही, रडली नाही. अगदी साध्या आवाजात, बाजारातला भाव विचारावा तशी म्हणाली, "कधी गेला? तुला कोणी सांगितलं, अक्का? मला तर अजून कोणी सांगितलं नाही."

आई गं. एक कावळा भिंतीवर उतरला, आजोबांच्या पानाशी. सेल्वी पुढे झाली, दोन्ही हातांनी ते दुसरं पान उचललं, अंगाशी धरलं आणि माझ्या स्वयंपाकघरात आली. कट्ट्यावर ताट होतं त्यात पान ठेवलं आणि वर दुसरं ताट झाकलं. मग ओट्याला टेकून उभी राहिली. मी दारात.

आणि मग तू आलीस गो! दप्तर भिरकावलंस, बूट न काढता आत. "आजी, आय ॲम स्टार्विंग!" ताटावरचं ताट उचललंस, उभ्या उभ्या वडा खिरीत बुडवलास आणि तोंडात टाकलास.

मी किंचाळले. "टाक ते! मनू, थुंक आधी!" पितरांचं पान, तेही कावळ्याने न शिवलेलं, आणि सात वर्षांची पोर ते खातेय! मी तुझ्यावर धावले, तर सेल्वीने माझं मनगट पकडलं. असं पकडलं की बांगडी रुतली. "खाऊ दे."

"अगं, ते..."

"ते जेवण आहे. भुकेलं माणूस आलं, जेवलं. खाऊ दे."

तुला खुर्चीवर बसवलं तिने. समोर स्वतः खाली बसली आणि तू खाताना तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. खीर संपली तशी आणखी वाढली. तू आपली बोटं चाटत शाळेतल्या कुठल्या मुलाने कुणाचं पेन मोडलं ते सांगत होतीस, अर्धं इंग्रजीत, अर्धं कशात कोण जाणे. तिला काय कळलं असेल? पण माना डोलावत होती. शेवटी विचारलं, "पेट फुल?" तू फ्रॉक वर करून पोट दाखवलंस. आणि सेल्वी हसली. तिला तसं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तू खेळायला गेल्यावर तिने सांगितलं. लढाईच्या शेवटी माणसांचे लोंढे पाण्यातून चालत सरकारी लष्कराच्या बाजूला आले. तिथे भोंग्यावरून सांगत होते, एक दिवस जरी लढणाऱ्यांबरोबर होता तरी पुढे या, नाव सांगा, चौकशी करून सोडून देऊ. कुमरनला लढणाऱ्यांनी जबरदस्तीने नेलं होतं, तीन महिने. तो घाबरला होता, जायला तयार नव्हता. सेल्वीच म्हणाली, जा बाळा, खरं सांग, खऱ्याला भय नाही. स्वतः हाताला धरून नेलं. गणवेशातल्या माणसाच्या हाती दिलं. त्याला बसमध्ये बसवलं. दोन दिवसांचा उपाशी होता, म्हणून ती कुठूनतरी भाताची पुडी मागून धावत आली, तर बस सुटलेली. "पुडी माझ्या हातातच राहिली, अक्का," म्हणाली. "मी त्याला हातात दिलाय. हरवला नाही, मेला नाही, दिलाय. ज्यांच्या हाती दिला त्यांनी हातात परत द्यायचा, नाहीतर काय केलं ते माझ्या तोंडावर सांगायचं. तोवर मी पिंड ठेवणार नाही. त्याचं ताट रोज वाढते. कोणी अवचित आलं तर त्याला देते, नाहीतर संध्याकाळी मी खाते. आज पहिल्यांदा पोराने खाल्लं."

त्याच आठवड्यात तिच्या पिशवीत दोन कागद आले होते, हे मला तेव्हा कळलं. एक नवऱ्याने गावाहून पाठवलेला. मुलगा मृत असल्याची नोंद करायची, खाली आईची सही. नवरा वाईट नव्हता, थकला होता. फोनवर म्हणायचा, सही कर सेल्वी, मी एकदाचा रडून घेतो. दुसरा कागद युरोपातल्या एका तमिळ वकीलबाईचा. स्वित्झर्लंडमध्ये जगातल्या देशांची सभा भरते, तिथे ह्या बायकांची कथनं मांडायची होती. बाकीच्या बायकांनी नाव झाकून कथन दिलं होतं. सेल्वीला नाव, गाव, फोटोसकट द्यायचं होतं, कारण हातात तिने दिला होता. आणि एक साक्षीदार हवा होता, नात्यातला नाही, त्यांच्या देशातला नाही. ती सही करतेय हे डोळ्यांनी पाहिलेला. नर्स शनिवारी सुटीवर निघणार होती, तिच्या बॅगेतून कागद जाणार होता. शुक्रवार परवावर आला होता.

रात्री जेवताना मी विनूला विचारलं. त्याचा घास हातात राहिला. "आई, आपण इथे पाहुणे. गॅरेजच्या अर्बाबाला, मालकाला कळलं तर माझी नोकरी खलास, मनूची शाळा खलास. तुला त्यांचं काय पडलंय?" चुकीचं नव्हता बोलत. त्याच्या डोक्यावर घर होतं. मी भांडी आवरली. पण झोप कसली येते? चौथीत शाळा सुटली माझी. अक्षर मी स्वतः गिरवून शिकले, रद्दीच्या कागदावर, तुझे आजोबा बोटीवर असताना. सही करायला शिकले ती कशासाठी? रेशनसाठी, बँकेसाठी, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी. त्या दाखल्यावर सही करताना माझ्यापुढे निदान ते होते, पांढऱ्या चादरीखाली, शांत. सेल्वीपुढे काय होतं? एक सुटलेली बस.

शुक्रवारी मी माझी नवीकोरी पांढरी चादर घेऊन गच्चीवर गेले. कागदाबरोबर फोटो लागणार होता आणि खोलीची भिंत ओळखू यायला नको होती. दोन बायकांनी चादर धरली, सेल्वी पुढे उभी राहिली, कपाळाला ठसठशीत कुंकू, छातीशी कुमरन. फोटो काढून झाल्यावर तिने नवऱ्याचा कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि रिकाम्या भाताच्या पातेल्याखाली ठेवून दिला. फाडला नाही. "त्यालाही एक दिवस उत्तर द्यायचंय," म्हणाली. मग दुसऱ्या कागदावर सही केली. गोल गोल तमिळ अक्षरं, एकेक असं काढलं जसं रांगोळीचे ठिपके जोडतेय. नर्सने माझ्याकडे बघितलं. कोणी काही मागितलं नाही, बरं का. सेल्वी तर म्हणालीच, "अक्का, तुझी नात आहे. नको."

"नात आहे म्हणूनच," मी म्हटलं, "तुझं पान तिने खाल्लंय." आणि सही केली. सुमती. पूर्ण नाव, गाव, देवनागरीत, सावकाश. त्या अक्षरांना पहिल्यांदाच काहीतरी कामाला लावलं असं वाटलं. नंतर नर्सने वही उघडली. कुमरनचं नाव आलं तेव्हा मीही म्हटलं, इरुक्किरान. आठ बायकांचा तो दबका आवाज आणि बाहेर तो उघडा डोंगर. मनू, मी देवळात पुष्कळ उभी राहिलेय. पण देव समोर आहे असं वाटून मान खाली गेली, ती तिथे.

विनूला संध्याकाळीच सांगितलं. चोरून करायचं नव्हतं. तो म्हणाला, "सही मराठीत केलीस?"

"मग काय अरबीत करू?"

"मग तुझं अक्षर स्वित्झर्लंडात कोण वाचणार आहे? मला अजून वाचता येत नाही." आणि ताट घेऊन उठला. पण पुढच्या शुक्रवारी गच्चीवर नेऊन द्यायला गालाहून येताना त्याने किलोभर ओमानी हलवा आणला. 'मी आणला सांगू नकोस' म्हणाला.

कोणी पकडलं नाही, कोणी हाकललं नाही. उत्तरही आलं नाही. अजून नाही. आपण परत आलो, त्यानंतर काही वर्षांनी सेल्वीही गावी गेली. तिकडे आता रस्त्याच्या कडेला मांडव घालून तिच्यासारख्या आया फोटो घेऊन बसतात, त्यात ती बसते. नवराही येऊन बसतो म्हणे, घडी घातलेला कागद खिशात ठेवून. महिन्यातून एकदा फोन येतो. हिंदी दोघीही विसरत चाललोय. ती विचारते, "पेट फुल पोरगी कशी आहे?" मी म्हणते, पुण्यात असते, फोनवर असते, येत नाही.

तेव्हापासून माझ्या घरी एक नियम आहे. गेलेल्यांचं पान बाहेर, भिंतीवर, वर्षातून एकदा. जे आहेत त्यांचं ताट आत, झाकलेलं, रोज. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही तर मी खाते. पण एकटीने दोन ताटं जेवायचं माझं वय राहिलं नाही गो. पुण्याहून रात्रीची एसटी पकडलीस की सकाळी फाट्यावर उतरशील. कळवू नकोस, तशीच ये, बूट घालून आत आलीस तरी बोलणार नाही. वडे आहेत. ताट झाकून ठेवलंय.